दगड, वारा आणि कचरा : ट्रॉम्बेतल्या विद्यासंकुलांची गोष्ट

कुर्ल्याहून चेंबूरकडे जाणारी रेल्वे मुळात माणसांसाठी बांधलेली नव्हती. १९०६ मध्ये हा एकेरी मार्ग घातला गेला तो मुंबई शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी. त्याआधी दहा वर्षे प्लेगने शहराची झोप उडवली होती, आणि घाण वस्तीपासून जितकी लांब जाईल तितके बरे, असे तेव्हाच्या कारभाऱ्यांचे ठाम मत झाले होते. प्रवाशांना या मार्गावरून जाता येऊ लागले ते १९२४ मध्ये. म्हणजे अठरा वर्षे या रुळांवरून कचऱ्याच्याच गाड्या धावल्या. पुढे १९२७ पासून देवनारच्या खाजणात कचरा टाकणे सुरू झाले, आणि आज शंभरीच्या उंबरठ्यावरही ती जागा शहराचा कचरा घेतेच आहे.

याच पट्ट्यात, चेंबूरपासून ट्रॉम्बेच्या टेकडीपर्यंत, मुंबईतल्या काही नामवंत विद्यासंस्था आहेत. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आणि लोकसंख्याविज्ञान संस्था, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, अणुशक्तीनगरात होमी भाभा राष्ट्रीय संस्था. गेल्या काही वर्षांत देशभरातल्या महाविद्यालयांप्रमाणे इथेही ‘ग्रीन कॅम्पस’ हा शब्द रुळला आहे. नॅकच्या मूल्यांकनात पर्यावरणाला गुण असतात, त्यामुळे प्राचार्यांच्या खोलीत ‘ग्रीन ऑडिट’ची फाइल असते आणि माहितीपुस्तिकेत छतावरच्या सौरपट्ट्यांचा फोटो. माझी त्याला हरकत नाही. पण हा शब्द यायच्या आधी इथे काय होते, विद्यार्थ्यांसाठी बांधताना ऊन, वारा, पाणी आणि उष्टे-खरकटे यांचा विचार कोणी केला होता का, आणि केला असेल तर तो कुंपणाच्या आत थांबला की बाहेर गेला, हे प्रश्न मला गेली काही वर्षे सतावत आहेत. मी वास्तुविशारद नाही आणि इतिहासाचा पदवीधरही नाही. जुनी गॅझेटियरे, नगरपालिकेचे अहवाल आणि पायपीट एवढ्या भांडवलावर हे लिहितो आहे.

आधी नावाचा गुंता सोडवू. ट्रॉम्बे म्हणजे मूळचे तुर्भे. खाडीपलीकडे नवी मुंबईतही तुर्भे आहे, त्यामुळे जुने कागद वाचताना गफलत होते. अलीकडचे तुर्भे म्हणजे समुद्रातून येणाऱ्या खलाशांना लांबून दिसणारी, सुमारे हजार फूट उंचीची टेकडी आणि तिच्या पायथ्याची कोळी-आगऱ्यांची गावे. इंग्रजी जिभेने त्याचे ट्रॉम्बे केले आणि तेच टिकले.

या भागात कॉलेज यायच्या कितीतरी आधी इथला दगड कॉलेजात पोचला होता. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. त्याचे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर हे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या लंडनच्या वास्तुविशारदाचे काम. १८६९ मध्ये सुरू झालेला टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. पैसा प्रेमचंद रायचंदांचा, आराखडा मुंबईत कधीही पाऊल न ठेवलेल्या माणसाचा, आणि दगड कुर्ल्याचा! फिकट पिवळसर असा हा कुर्ला दगड फोर्टपासून नऊ-दहा मैलांवरच्या खाणींतून निघाला. नाजूक नक्षीसाठी पोरबंदरचा मऊ दगड आणला, पण इमारतीचे अंग कुर्ल्याचे. आज ज्याला आपण ‘स्थानिक साहित्याचा वापर’ म्हणतो तो तेव्हा तत्त्व म्हणून नव्हे, सोयीचा म्हणून झाला. बैलगाडीने दगड लांबून आणणे परवडत नसे, एवढे साधे ते गणित.

त्या इमारतींत पंखे नव्हते, तरी माणसे शिकत होती. उंच छत, दोन्ही बाजूंना खिडक्या, बाहेरून खोल व्हरांडे. जुन्या दगडी इमारती ‘जाड भिंतींमुळे थंड असतात’ असे आपण सर्रास म्हणतो. पुण्यात ते बरेचसे खरे आहे, कारण तिथे दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठा फरक असतो. रात्री गार झालेली भिंत दुपारी माणसाला सांभाळते. मुंबईत, विशेषतः पावसाळ्याच्या आगेमागे, रात्रही उकडतेच. दगड दिवसभर ऊब पितो आणि संध्याकाळपासून ती आत सोडत बसतो. वर्गाला त्याचे काही वाटत नाही, कारण वर्ग पाचला सुटतो. वसतिगृहात मात्र रात्री दहाला भिंतीला हात लावून पाहावा! म्हणजे एकाच संकुलात वर्ग आणि वसतिगृह यांच्या भिंती वेगळ्या असायला हव्यात. ही गोष्ट सांगणारी हरित मानांकनाची पाटी मी अजून कुठे वाचलेली नाही.

मुंबईच्या हवेत माणसाला सुखावतो तो वारा. घाम वाळला पाहिजे, आणि त्यासाठी अंगावरून हवा सरकली पाहिजे. आता सूर्याचे पाहा. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळांतून हल्ली तो साजरा करतात. जुलैच्या सूर्याला ढग बहुधा झाकून टाकतात, मेमधला मात्र चुकत नाही. याचा बांधकामातला अर्थ असा की इथे उन्हाचा खरा मार छपरावर बसतो, त्याखालोखाल पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंतींवर. दक्षिणेची भिंत, जिचे भय उत्तरेकडच्या देशांतल्या पुस्तकांतून आपल्याकडे आले, ती मे-जूनच्या दुपारी जवळजवळ सावलीतच असते. तेव्हा इमारत पूर्व-पश्चिम लांबट ठेवावी आणि खिडक्या उत्तर-दक्षिणेला द्याव्यात. अडचण एवढीच की मुंबईचा वारा मुख्यतः पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. ऊनही तिकडून आणि वाराही तिकडून. खोल व्हरांडा, पुढे आलेला छज्जा आणि पश्चिमेला झाड ही या पेचाची जुनी उत्तरे. झाड सगळ्यांत स्वस्त, पण त्याला वीस वर्षे द्यावी लागतात.

हे सगळे शास्त्र म्हणून मांडण्याचा मान बऱ्याच अंशी ज्याला जातो त्या माणसाचा आपल्याशी जवळचा संबंध होता. ओटो कोनिग्सबर्गर हा बर्लिनचा ज्यू वास्तुविशारद हिटलरच्या राजवटीत देशोधडीला लागला आणि १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानचा मुख्य वास्तुविशारद झाला. टाटांसाठी त्याने जमशेदपूरचा विकास आराखडा केला, स्वातंत्र्यानंतर काही वर्षे केंद्र सरकारच्या गृहनिर्माणाचे काम पाहिले. पुढे लंडनला जाऊन उष्ण प्रदेशातल्या वास्तुरचनेचे शिक्षण त्याने उभे केले. १९७४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर लिहिलेले त्याचे पाठ्यपुस्तक आपल्याकडच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचले. त्यात कार्ल महोनी या सहकाऱ्याबरोबर केलेले तक्ते आहेत. एखाद्या गावाचे बारा महिन्यांचे तापमान, आर्द्रता आणि पाऊस भरायचा, आणि तक्ता सांगतो की इमारत कशी बसवावी, खोल्या किती रांगांत, भिंती जाड की हलक्या. मी पेन्सिलीने मुंबईचे आकडे भरून पाहिले. उत्तर आले ते असे : इमारत पूर्व-पश्चिम लांबट, खोल्या एकाच रांगेत म्हणजे दोन्हीकडून वारा, मोठ्या खिडक्या, आणि दोन इमारतींमध्ये वारा खेळेल इतके मोकळे अंतर. हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

आता देवनारकडे वळू. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटांच्या विश्वस्त निधीतून समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले ते नागपाड्यात, अमेरिकन मराठी मिशनच्या नेबरहुड हाउसमध्ये. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे पहिले संचालक. गिरणगावाच्या काठावर, गरिबांच्या मधोमध बसून गरिबीचा अभ्यास करायचा, ही त्यामागची कल्पना. १९४४ मध्ये तिचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले आणि १९५४ मध्ये ती देवनारला आली. तेव्हा हा भाग शहराबाहेरचा होता.

१९५४ ते १९५७ ही चार वर्षे ट्रॉम्बेच्या इतिहासात विलक्षण गर्दीची आहेत. १९५४ मध्येच अणुऊर्जा आस्थापनेचे काम इथे सुरू झाले. त्याच वर्षी माहुलजवळ स्टॅनव्हॅकचा तेलशुद्धीकरण कारखाना चालू झाला आणि पाठोपाठ बर्मा-शेलचा. १९५६ मध्ये टाटांचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले, आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा अणुभट्टी कार्यान्वित झाली. १९५७ मध्ये अणुशास्त्रज्ञ घडवणारे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. एका बाजूला धुराडी, दुसऱ्या बाजूला कचरा, मध्ये विद्या. लांब, स्वस्त आणि मोकळी जमीन ही तिघांचीही गरज होती. त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्यांना मात्र ती ‘लांब’ वाटत नव्हती. टेकडीभोवतीच्या गावांची शेते आणि खाजणे संपादनात गेली. विज्ञानाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते.

या पिढीच्या संकुलांना हरित म्हणावे का? पाटी नाही, पण ठेवण पाहा. देवनारच्या जुन्या आवारातल्या इमारती ठेंगण्या, भोवती गर्द झाडी. सिमेंट आणि पोलाद परवान्यावर मिळण्याचा तो काळ. वातानुकूलन ही श्रीमंत थिएटरांची आणि प्रयोगशाळांची चैन. काटकसर हाच आराखडा होता. टेकडीपलीकडे डॉ. होमी भाभांनी वृक्षराजीचा जो ध्यास घेतला तो प्रसिद्धच आहे. बांधकामाच्या आड येणारे झाड तोडण्यापेक्षा मुळासकट उचलून दुसरीकडे लावावे असा त्यांचा आग्रह असे. आज वाशीच्या पुलावरून पाहिले तर ट्रॉम्बेची टेकडी गर्द हिरवी दिसते. त्याचे श्रेय या आग्रहाला आहे, आणि खरे सांगायचे तर सुरक्षा कुंपणालाही. माणूस आत गेला नाही म्हणून झाड उभे राहिले.

त्याच काळात एक मराठी माणूस देशाला विद्यासंकुल कसे बांधावे हे शिकवत होता. अच्युत कानविंदे सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे. जे. जे. मध्ये शिकले, सरकारने त्यांना हार्वर्डला ग्रोपियसकडे पाठवले, परतल्यावर वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांच्या इमारती त्यांनी केल्या. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या कानपूर आयआयटीचे संकुल त्यांचेच. विभागांना जोडणारे सावलीचे उंच मार्ग, मोकळे चौक, वारा आणि माणसे दोन्ही वाहती राहतील अशी रचना. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे संकुलही त्यांचे. पुढे देशाची स्वतःची ‘गृह’ ही हरित मानांकनपद्धती २००७ मध्ये आली, तेव्हा तिच्यातले पहिले मानांकन मिळाले ते याच कानपूर संकुलातल्या पर्यावरण विभागाच्या इमारतीला, आणि ती कानविंद्यांनीच उभारलेल्या फर्मने केली होती. म्हणजे पाटी २००७ नंतर लागली, पण त्या घराण्याचे शिक्षण पन्नास वर्षे जुने होते.

मधल्या काळात, नव्वदीनंतर, आपण काच आणि एसीच्या नादी लागलो. कॉलेजेही अपवाद राहिली नाहीत. सभागृह म्हटले की बंद खिडक्या, जिमखाना म्हटला की काचेचा दर्शनी भाग. मग त्यावर उतारा म्हणून मानांकने आली. २००३ मध्ये हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज केंद्राला अमेरिकेच्या ‘लीड’ पद्धतीतले सर्वोच्च मानांकन मिळाले. अमेरिकेबाहेरची तशी ती पहिली इमारत, आणि आपल्या विक्रोळीकरांचे नाव तिच्यावर आहे. पवईच्या आयआयटीतल्या ‘टीम शून्य’ने बांधलेले सौरघर २०१४ मध्ये व्हर्सायच्या जागतिक स्पर्धेत उभे राहिले. कौतुकाच्याच गोष्टी. पण मानांकनाच्या तपशिलात शिरलो आणि एका आकड्यावर थबकलो. लीडच्या २००९ च्या नियमांत ‘प्रादेशिक साहित्य’ वापरल्याचे गुण मिळायचे, आणि प्रादेशिक म्हणजे किती अंतर, तर ५०० मैलांच्या आतले. लॉरी बेकर या इंग्रज वास्तुविशारदाने लिहून ठेवले आहे की चाळीसच्या दशकात मुंबईत बोट मिळण्याची वाट पाहत असताना त्याची गांधीजींशी गाठ पडली, आणि आदर्श घर पाच मैलांच्या परिघातल्या वस्तूंनी बांधावे असे त्यांनी त्याला सांगितले. बेकरने ते आयुष्यभर पाळले. तिरुवनंतपुरमचे विकास अध्ययन केंद्र, विटांच्या जाळीदार भिंतींचे ते संकुल, हे त्याचे फळ. पाच मैल आणि पाचशे मैल! विद्यापीठाचा कुर्ला दगड या मोजपट्टीवर गांधीजींकडून जेमतेम नापास झाला असता आणि लीडकडून पैकीच्या पैकी गुण घेऊन आला असता.

साहित्य आत कुठून येते हे निदान मोजले जाते. बाहेर काय जाते, हा इमारतीच्या हिशेबातला दुसरा रकाना. देवनारच्या शेजारी बसून तो रिकामा सोडता येत नाही. आणि इथे मुंबईचा एक विसरलेला धडा आहे.

गोबरगॅसच्या इतिहासावरच्या कित्येक पुस्तकांत लिहिलेले असते की भारतातला पहिला असा प्रकल्प १८५९ मध्ये मुंबईच्या एका कुष्ठरोग वसाहतीत झाला. हे साल एकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत आले आहे. माटुंग्याचे कुष्ठधाम, आजचे वडाळ्याचे अॅकवर्थ रुग्णालय, स्थापन झाले तेच मुळी १८९० मध्ये. म्युनिसिपल कमिशनर अॅकवर्थ यांनी ते उभे केले. तेव्हा १८५९ हे साल टिकत नाही. घडले ते १८९७ च्या सुमारास. नगरपालिकेचे मलनिःसारण अभियंता चार्ल्स कार्कीट जेम्स यांनी कुष्ठधामाच्या सांडपाण्यासाठी बंद टाकी बांधली, तिच्यातला वायू गोळा केला, आणि त्यावर दिवे लावून इंजिनही चालवून दाखवले. ज्यांना शहराने बाहेर काढले होते त्यांच्या आवारात, त्यांच्याच मैल्यापासून उजेड! आज एखाद्या विद्यापीठाने हे केले तर परिषद भरवली असती. नऊ वर्षांनी त्याच नगरीने कचरा दूर नेण्यासाठी रेल्वे घातली, आणि जेम्स यांची वाट आडबाजूला पडली.

ती पुन्हा सापडली ट्रॉम्बेतच. मधल्या काळात जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीची गोबरगॅस टाकी केली आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने ती गावोगाव नेली. पण तिला शेण लागे. शहरात उरते ते खरकटे. भाभा अणुसंशोधन केंद्रातले डॉ. शरद काळे यांनी या शतकाच्या सुरुवातीला ‘निसर्गऋण’ हा संयंत्राचा प्रकार विकसित केला तो उपाहारगृहांतल्या ओल्या कचऱ्यासाठी. युक्ती अशी की खरकटे गिरणीत दळून थेट बंद टाकीत टाकायचे नाही. आधी एका टाकीत सौर बंबाचे गरम पाणी आणि हवा देऊन उष्णतेत वाढणाऱ्या जिवाणूंकडून ते काही दिवस पचवून घ्यायचे, आणि मग हवाबंद टाकीत सोडायचे. त्यामुळे टाकी तुंबत नाही, आणि साध्या गोबरगॅसपेक्षा मिथेनचे प्रमाण जास्त मिळते. उरते ते खत. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने घराच्या गच्चीवर मावेल असे खरकट्याचे छोटे संयंत्र केले, त्याला २००६ मध्ये लंडनचा अॅशडेन पुरस्कार मिळाला. एक संकुलाच्या मापाचे, एक कुटुंबाच्या.

निसर्गऋणची यंत्रे बसली आणि काही ठिकाणी बंदही पडली. अशी यंत्रे बंद पडतात ती बहुधा जिवाणूंमुळे नव्हे. खरकट्यात प्लास्टिकची पिशवी, चमचा, सुतळी गेली की गिरणी अडते. वेगळे करणारे हात लागतात. ते हात या विभागात आधीपासून होते. स्त्रीमुक्ती संघटनेने १९९८ मध्ये ‘परिसर विकास’ हा उपक्रम सुरू केला आणि कचरा वेचणाऱ्या बायकांना, संघटना त्यांना परिसर भगिनी म्हणते, ओला-सुका वेगळा करण्याचे, खत करण्याचे आणि ही संयंत्रे चालवण्याचे शिक्षण दिले. संघटनेच्या ज्योती म्हापसेकर यांचे नाव बहुतेक वाचकांना ‘मुलगी झाली हो’ या नाटकामुळे माहीत असेल. त्यांची नोकरी वास्तुकलेच्या महाविद्यालयात ग्रंथपालाची होती. इमारती शिकवणाऱ्या संस्थेत पुस्तके सांभाळता सांभाळता त्यांनी इमारतीबाहेर फेकलेल्या गोष्टींचा अभ्यास मांडला. हरित इमारतीच्या सरकारी पुस्तिकेत संयंत्राची आकृती असते. ते चालवणाऱ्या बाईला बसायला जागा, हात धुवायला पाणी आणि महिन्याचा ठरलेला पगार कुठे दाखवायचा, हे त्या आकृतीत नसते.

मग २०१६ उजाडले. जानेवारीच्या अखेरीस देवनारच्या कचऱ्याला आग लागली आणि धूर कित्येक दिवस शहरभर पसरला. गोवंडी-मानखुर्दकरांना तो नवा नव्हता. त्या वेळी तो दक्षिण मुंबईत पोचला म्हणून बातमी झाली. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी उच्च न्यायालयाने कचऱ्याची व्यवस्था नियमाप्रमाणे होईपर्यंत मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी घातली. पुनर्विकासाला त्यातून सूट होती, पण तरी विचार करा : उकिरड्याने शहराच्या इमारती थांबवल्या. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये अटींवर ती सैल केली. दरम्यान २०१६ चे घनकचरा नियम आले आणि महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून मोठ्या संकुलांना ओला कचरा आवारातच जिरवण्याची सक्ती केली. जे जेम्स यांनी १८९७ मध्ये कुष्ठधामात करून दाखवले ते एकशे वीस वर्षांनी बाकीच्यांना कायद्याने करावे लागले.

कचऱ्याचे हे असे. पण वारा आणि उजेड यांचा हिशेब मला जास्त बोचतो, कारण तो शेजारी उघड्यावर लिहिलेला आहे. २००० नंतर रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत घरे गेलेल्या हजारो कुटुंबांना गोवंडी-मानखुर्दमध्ये आणून वसवले. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या त्यांतल्या दोन मोठ्या वसाहती. नियम शिथिल करून त्या बांधल्या. दोन इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर. भर दुपारी खालच्या मजल्यांवर दिवा लावावा लागतो, खिडकी उघडली की समोर भिंत आणि खाली साचलेला कचरा. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईतले संशोधक यांनी या दोन वसाहतींची जवळच्या जुन्या पीएमजीपी वसाहतीशी तुलना करून अहवाल काढला, तो २०१८ मध्ये बाहेर आला. पुढे तो शोधनिबंध म्हणूनही प्रसिद्ध झाला आणि त्यात टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांचाही हात होता. निष्कर्ष असा की जिथे इमारती चिकटून आहेत आणि खालच्या मजल्यांना ऊन-वारा मिळत नाही, तिथे क्षयरोगाचा भार जास्त. पीएमजीपीमध्ये इमारतींत मोकळी जागा अधिक, आणि तिथे तो कमी.

कोनिग्सबर्गरच्या तक्त्यातले ते वाक्य इथे परत येते. दोन इमारतींमध्ये वारा खेळेल इतके अंतर. ते पुस्तक आपल्या प्रत्येक वास्तुकला महाविद्यालयात होते. या वसाहतींचे आराखडे ज्यांनी सह्या करून पुढे पाठवले त्यांनी ते परीक्षेला वाचले असणार. देवनारच्या आवारात १९५४ मध्ये जी गोष्ट काटकसरीतही परवडली, म्हणजे इमारतीभोवती हवा आणि सावली, ती अर्ध्या शतकानंतर त्याच विभागात परवडेनाशी झाली. ‘जमीन महाग झाली’ हे उत्तर मला ठाऊक आहे. पण ज्या जमिनीवर या वसाहती उभ्या आहेत ती महाग असती तर विस्थापितांना तिथे आणलेच नसते.

हरित संकुलाची मोजणी फाटकापाशी थांबते, हा मानांकन देणाऱ्यांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. त्यांना फी एका मालकाकडून मिळते आणि मालकी कुंपणाएवढीच असते. विद्यासंस्थेचे तसे नाही. वर सांगितलेला क्षयरोगाचा अभ्यास कुंपणाबाहेर जाऊनच झाला. टाटा संस्थेने २०११ पासून एम विभागाचा जो प्रकल्प हाती घेतला त्यात घरोघर जाऊन माहिती गोळा केली गेली. नागपाड्याच्या नेबरहुड हाउसमधली शेजारधर्माची कल्पना देवनारच्या झाडीत काही वर्षे सुस्तावली असेल, पण मेली नाही.

आता नवा नकाशा येतो आहे. धारावीतल्या लोकांच्या पुनर्वसनासाठी देवनारच्या क्षेपणभूमीतली जमीन देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. १९२७ पासून साचलेला कचरा आधी उपसावा लागेल. त्यातून मिथेन निघतो, काळे पाणी झिरपते, आणि पावसाळ्यात खाडीची भरती तिथवर येते. त्यावर माणसे राहायला येतील. टाटा संस्थेचे आवार तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. टेकडीपलीकडे खरकट्यापासून गॅस करणारी प्रयोगशाळा आहे, आणि इमारतींमधल्या फटीत सूर्य किती मिनिटे पोचतो हे मोजणारे लोक पवईत आहेत. ते नकाशे प्रसिद्ध झाले की मी फूटपट्टी घेऊन बसणार आहे. आधी उत्तरेची खूण पाहीन, मग दोन इमारतींमधले अंतर.